आधीच आलेलं लुगडं

आक्काला मरणाची भीती नव्हती. तिला धास्ती होती ती लुगड्याची.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं पडावं लागतं. सासरी तिचा सगळा जन्म गेलेला असो, तिथं तिला नातवंडं-पतवंडं झालेली असोत, माहेरची माणसं कोरं लुगडं घेऊन दारात येईपर्यंत तिला हलवत नाहीत. ऐकणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल. मलाही वाटायचा आणि मी तो तोंडावर बोलूनही दाखवायची. पण आमच्या गल्लीत कुणी बाई गेली की जमलेल्या बायका एकमेकींना आधी हेच विचारतात, माहेरचं कोण आलं का. बाकीचं सगळं नंतर.

आणि आक्काला माहेर उरलं नव्हतं. खरं म्हणजे तिनंच ते तोडलं होतं.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची आई. पण तिला आम्हीही आक्का म्हणायचो, वडीलही आक्काच म्हणायचे आणि सगळी गल्लीही. कोल्हापुरात आमची पिठाची गिरण होती. खाली गिरण आणि वर आम्ही. आजोबा गेले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, तिच्या कडेवर होते. गिरण विकून माहेरी जा, असा सल्ला तिला पुष्कळांनी दिला. तिनं पदर खोचला आणि मोटर चालू केली. कुणी ओलसर जोंधळे आणले तर डबा तसाच परत जायचा, मग आणणारी बाई कितीही मोठ्या घरची असो. भुवयांवर, पापण्यांवर पीठ घेऊन ती दुपारी वर जेवायला यायची, तेव्हा आम्हा पोरांना ती रोज थोडी म्हातारी आणि संध्याकाळी आंघोळ करून परत तरुण झाल्यासारखी वाटायची.

गिरणीत ओरडूनच बोलावं लागतं. तीच सवय वर घरात आली, म्हणून आमच्याकडे सगळेच ओरडून बोलतात. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आत जोरात भांडण चाललंय अशी त्यांची समजूत झाली होती. आत आई आणि आक्का पोह्यांत मीठ पडलंय का, एवढंच एकमेकींना विचारत होत्या. मोटरीच्या आवाजानं आक्काचा एक कान गेला होता. कुठला, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण नको असलेलं बोलणं निघालं की ती दोन्ही कानांनी बहिरी व्हायची.

माहेर हे असं नको असलेलं बोलणं होतं.

तिचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडं, नदीकाठी. तिचे वडील गेले ते भर पावसाळ्यात. निरोप मिळाल्यावर तिनं गिरणीला कुलूप लावलं, आप्पांना शेजारी सोडलं आणि ती एस.टी.त बसली. शिरोळच्या पुढं रस्त्यावर पाणी होतं. गाडी थांबली. ती उतरली, चिखलातून चालत राहिली आणि शेवटचा टप्पा तिनं काहिलीतून केला. काहील म्हणजे गूळ उकळायची मोठी पसरट कढई. आमच्या भागात पूर आला की हीच काहील पाण्यात सोडतात आणि माणसं आत बसवून, धरून, ढकलून पैलतीराला नेतात. अशा काहिलीत, पोहायला येत नसताना, दोन्ही हातांनी कडा धरून ती माहेरच्या गावाला लागली. तोवर चिता विझून राख गार झाली होती. भावानं तिच्यासाठी वडिलांना थांबवलं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं होतं की पाणी चढत होतं, लाकडं भिजत होती, स्मशान बुडायच्या आत उरकणं भाग होतं. ते तिनं ऐकून घेतलं नाही. ती अंगणातच उभी राहिली. वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो तिनं घेतला नाही. ज्या घरानं माझा बाप मला दाखवला नाही त्या घरचं पाणी मी पिणार नाही, असं सगळ्यांदेखत सांगून ती आली तशी परत फिरली.

त्यानंतर ती कधी माहेरी गेली नाही. भाऊ दोन-चार दिवाळ्यांना आला. ती त्याला गिरणीतल्या स्टुलावर बसवायची, चहा द्यायची, पण वर घरात बोलवायची नाही आणि ओवाळायचीही नाही. मग तोही यायचा थांबला. पुढं त्याच्या जाण्याची बातमी आली, तेव्हा मी कॉलेजात होते. आक्कानं गिरण बंद ठेवली नाही. त्या दिवशी तिनं एकीचा डबा दुसरीला दिला, गव्हाच्या जागी नाचणी. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. बायका तक्रार घेऊन आल्या तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली नाही, नुसती बघत राहिली, आणि तेव्हा मला रडू आलं.

नव्वदी ओलांडली तसं गिरणीचं काम माझ्या धाकट्या भावानं घेतलं, आक्का खिडकीशी बसायला लागली आणि लुगड्याचं सुरू झालं. भाकरी मोडता मोडता मध्येच ती विचारायची, माझं लुगडं कोण आणणार. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग ती रोज विचारायला लागली. कधी रडवेली होऊन, कधी चिडून. एकदा आप्पा म्हणाले, आम्ही आणू की, कोल्हापुरात दुकानं काय कमी हाईत. त्यावर ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तू आणलेलं कसं चालंल? तू सासरचा माणूस."

पोटचा पोरगा, सत्तरीला आलेला. तो तिला सासरचा माणूस. आप्पा ताटावरून उठले. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत आणि मी तिच्याशी भांडले. मला राग पटकन येतो, तो तिच्याकडूनच आलाय. मी म्हटलं, एवढं आहे तर भाच्याला फोन कर, भाऊ नसला तरी त्याचा मुलगा आहे. ती बहिरी झाली.

त्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात ठेवलं, पण ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, वय बघता घरी न्या आणि जवळच्या माणसांना कळवा. घरी आणली. डोळे मिटलेले, श्वास घरघरत होता. जवळची माणसं म्हणजे कोण, ते आप्पांनीच ठरवलं आणि ते माझ्या भावाला म्हणाले, कुरुंदवाडात कुणाकडून तरी तिच्या भाच्याचा नंबर काढ. नंबर मिळाला. सकाळी आप्पांनी स्वतः फोन केला. बोलायचं काय ते त्यांनी मनात घोकलं असावं, कारण ते अगदी सावकाश बोलले. आत्तीची तब्येत जास्त हाय, जमंल तसं लगेच निघा.

जे होतं तेच त्यांनी सांगितलं. पण आमच्याकडे गेल्याची बातमी फोनवर कुणी देत नाही. माणूस वाटेत असताना त्याचा जीव घाबरू नये म्हणून तब्येत जास्त आहे, लगेच या, एवढंच सांगायची रीत आहे. ऐकणारा काय समजायचं ते समजतो, पुढचं काही विचारत नाही आणि तयारीनिशी निघतो. आप्पांच्या हे ध्यानातच आलं नाही. आपली आई अजून आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

दुपारी आक्काला घाम फुटला. अंथरूण भिजलं, ताप उतरला आणि तिनं डोळे उघडून चहा मागितला. बशीत. आई रडत रडत चहा करायला गेली. मी तिला उशीला टेकवून बसवलं. आनंदात परत फोन करावा हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका बाईनं गळा काढला. मयताच्या घरी येताना माहेरची बाई कोपऱ्यापासून रडत येते, तसा. "आत्तीबाई" असा हेल काढून. घराघरांतून माणसं बाहेर आली. मला क्षणभर काहीच कळेना, आणि कळलं तेव्हा मी खिडकी लावायला उठले. आक्काच्या हातात बशी होती. तिनं खिडकीकडे मान वळवली.

"कोण गेलं गं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, कुणी नाही, टीव्ही आहे कुणाचा तरी. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली धावले.

खाली गिरणीत आप्पा आणि भाऊ त्यांना अडवून उभे होते. आक्काचा भाचा साठीचा, धोतर-टोपीतला माणूस, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून निळ्या कापडाची घडी आणि तांबडा काठ दिसत होता. त्याची बायको तोंडात पदर कोंबून उभी होती, कारण तिला तोवर कुणीतरी सांगितलं होतं. आप्पांचा चेहरा लालबुंद झालेला. ते म्हणत होते, माझी आई वर चहा पितीया आणि तुम्ही तिचं लुगडं घेऊन माझ्या उंबऱ्यात आलाय. एवढी वर्षं यायला जमलं नाही, आता बरं जमलं. भाचा काहीतरी बोलायला गेला तसं माझ्या भावानं त्याची कॉलर धरली. हा माझा भाऊ असा आहे. आमचं दोघांचं कधी धड बोलणं होत नाही, कुठलंही बोलणं शेवटी भांडणावर जातं. पण त्या घडीला मलाही त्या माणसाला ढकलून बाहेर काढावंसं वाटत होतं. जिवंत माणसाच्या दारात मयताचं वस्त्र येणं याहून वाईट काय असतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि मी मानत नाही मानत नाही म्हणत असले तरी त्या निळ्या घडीकडे मला बघवत नव्हतं. तिच्या कानावर हे गेलं तर ती धसक्यानंच जाईल, असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं.

भाच्यानं कॉलर सोडवली नाही. तो हळू आवाजात म्हणाला की फोनवर असंच सांगतात ना, म्हणून आम्ही समजलो. चुकलं माझं.

शेवटी आईनं मार्ग काढला. ती म्हणाली, पिशवी इथंच डब्यांच्या मागं ठेवा, डोळे पुसा आणि भेटायला आल्यासारखे वर चला. आल्या पावलांनी परत गेलात तर गल्ली काय ते समजेल, आणि गल्लीला कळलं की आक्काला कळायला किती वेळ लागतो.

ते वर आले. भाचा दारातच थबकला. त्याच्याकडे बघता बघता आक्काच्या हातातली बशी कलली आणि चहा बिछान्यावर सांडला. मी तिच्या भावाला कधी बघितलं नव्हतं, पण नाक आणि कान त्याचेच असावेत. तो पुढं होऊन पायाशी वाकला. म्हणाला, मी थोरला, तुझ्या भावाचा. तिनं हात उचलला, पण त्याच्या डोक्यावर ठेवला नाही, मागंही घेतला नाही, हवेत तसाच धरला.

"लुगडं आणलंयस?" ती म्हणाली.

आप्पा म्हणाले, आक्का, काय बोलतीस, ते तुला बघायला आल्यात. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. बाई कोपऱ्यापासून रडत आल्याचं तिनं ऐकलं होतं, म्हणजे निदान एक कान तरी तिचा शाबूत होता. भाच्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं मान हलवली.

"मग खाली कशाला ठेवलंयस? आण वर."

आप्पांनी दार अडवलं. हे अशुभ असतं, असं ते म्हणाले, आणि मला दिसत होतं की ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. आई आक्काच्या पायाशी बसून नको म्हणून विनवत होती. शेजारच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या गल्लीतल्या सगळ्या रीतीभातींच्या राखणदार. त्या तिथूनच म्हणाल्या की असं कुणी बघितलंय का, माणूस धडधाकट असताना. आक्का कुणाचंच ऐकेना. तिला तेवढं बोलण्यानंही धाप लागली होती आणि तशा धापेतच ती म्हणाली, "माझ्या माहेरचं हाय. मला बघायचंय. मेल्यावर मला काय दिसणार हाय?"

काकूंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या एक पायरी खाली उतरल्या.

मीच खाली जाऊन पिशवी आणली. का आणली, मला सांगता येणार नाही. बहुतेक तिची धाप मला ऐकवत नव्हती. गडद निळं इरकल होतं, तांबड्या काठाचं, कोरं, खळीनं कडक झालेलं. तिनं ते मांडीवर घेतलं आणि पीठ बघावं तसं दोन बोटांत धरून चोळून बघितलं. मग आईला म्हणाली, नेसव. आईच्या हातून निऱ्या सारख्या सुटत होत्या. शेवटी भाच्याच्या बायकोनं पुढं होऊन त्या धरल्या. आप्पा तोंड फिरवून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

ते कोरं लुगडं नेसून आक्का बिछान्यात बसली. ती खूप लहान दिसत होती. तिनं भाच्याच्या बायकोजवळची पाण्याची बाटली बघितली आणि विचारलं, हे पाणी कुठलं. ती म्हणाली, घरातनंच भरून घेतलंय, वाटंत लागतंय म्हणून. आक्कानं हात पुढं केला. बाटली तोंडाला लावून ती घटाघटा पाणी प्याली. थोडं हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडलं आणि मघाशी बिछान्यावर चहा सांडला होता, त्याचाही काठावर डाग पडला. मग तिनं त्या साठीच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जेवून जा म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि खूप रडले.

आक्का त्या आजारातून उठली. काकूंना हे फारसं आवडलं नसावं. ती पुढं बरंच जगली आणि सणावाराला ते लुगडं नेसायची. ती ते नेसली की आप्पा घराबाहेर पडायचे. त्या दिवशी ती खोकली तरी घरातली सगळी माणसं हातातलं काम सोडून तिच्याकडे बघायची. मी आईला म्हटलं, ते लुगडं कुणाला तरी देऊन टाक. आई म्हणाली, तूच तिला सांग. कुणी सांगितलं नाही. भाचा मधूनमधून यायचा, कृष्णाकाठची वांगी आणायचा. आता आक्का त्याला वर बसवायची आणि वांग्यांना नावं ठेवायची.

लुगड्याचा प्रश्न मात्र तिनं परत कधी काढला नाही.

ती गेली ती पावसाळ्यात, पहाटे, झोपेत. बाहेर आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. मी दोन पेठा पलीकडं राहते, भिजत पोचले. आप्पा तिच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, भाच्याला फोन कर, माझ्यानं होणार नाही. मी केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून तब्येत जास्त आहे असं रीतीप्रमाणे बोलून गेले. पलीकडं पाऊस कोसळत होता.

"पोरी, खरं सांग," तो म्हणाला. "मागल्यासारखं करू नगं."

मी सांगितलं, गेली.

शिरोळकडचा रस्ता बंद होता. त्याच्या गावाला चारी बाजूंनी पाणी होतं. तो म्हणाला, कोरं लुगडं घरात आणून ठेवलेलं आहे, काहीतरी करून येतो, तिला थांबवा.

आप्पा उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, थांबायचं. त्यांच्या बोलण्यात एक हट्ट होता, जो मला कळत होता. आक्काचा अख्खा जन्म एका न थांबण्यावरून कडू झाला होता आणि तिच्या वेळी ते तसं होऊ देणार नव्हते. आम्ही थांबलो. खाली गिरण बंद होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुरुष वळचणीला उभे होते. दुपार कलायला लागली तसा पंचगंगेकडून एकजण आला आणि म्हणाला, स्मशानाच्या पायऱ्या बुडाल्या, पाणी चढतंय, आता उचललं नाही तर उद्याचं काही सांगता येत नाही. माझा भाऊ आप्पांना म्हणाला, चला. आप्पा हलले नाहीत. भावानं आवाज चढवला. कुणीतरी मध्ये पडून सुचवलं की दुकानातनं नवं आणा आणि माहेरचं म्हणून घाला, कोण बघतंय. आप्पांनी त्या माणसाकडे असं बघितलं की तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आई आत गेली आणि कपाटातून ते निळं लुगडं घेऊन आली. तिनं ते आक्काच्या पायाशी ठेवलं. काकूंनी लगेच मान हलवली.

"नेसलेलं न्हाय चालत. कोरं पायजे, आणि म्हायेरच्या हातनं पायजे."

मी काकूंना त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याही मला बोलल्या. मयताच्या उशाशी आम्ही दोघी तारस्वरात भांडत होतो आणि आक्का आमच्या मध्ये शांत झोपली होती, जन्मात पहिल्यांदाच काही न ओरडता. तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर भाचा दिसला. धोतर वर खोचलेलं, छातीशी प्लास्टिकच्या कागदात बांधलेलं गाठोडं. त्याच्या मागं तांबडं पाणी, त्यात वाहत चाललेली उसाची मुळं, आणि काठाला एक काहील, जी दोन माणसं जोर लावून धरून उभी होती आणि तरी ती गरगर फिरत होती. कुठंतरी त्याची बायको ओरडून नको म्हणत होती. तो म्हणाला, निघतोय, तासाभरात पलीकडं लागतो, पुढं गाडी बघा.

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते त्या पाण्याकडे बघत राहिले. माहेरची एवढी एकच गोष्ट आक्का सांगायची, काहिलीच्या दोन्ही कडा धरून बसल्याची, आणि ती आम्ही सगळे तिची बाजू घेऊन ऐकायचो. त्यांचा मामा, म्हणजे आक्काचा भाऊ, तेव्हा कुठल्या पाण्याशी उभा होता, हे आप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं असावं.

"येऊ नगंस," आप्पा म्हणाले. "तुझं लुगडं आलंय. तू आणलंयस, तिनं तुझ्या हातनं घेतलंय, नेसलंय. आता परत कुणी आणायचं न्हाय."

भाचा म्हणाला, पण तिला माझ्यासाठी थांबवलंय न्हवं. आप्पा म्हणाले, "मामाला तरी थांबायला कुठं जमलं? पाणी चढाय लागलंय. मला उचलाय पायजे. उचलू का सांग."

तो पडद्यावर गुडघ्यांत मान घालून खाली बसला. मागच्या माणसांनी काहील वर ओढून घेतली. मग तो म्हणाला, उचला. आत्तीला सांगा, भावाच्या घरानं हुकूम दिलाय.

आप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि काकूंकडे वळले. त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकत पुढं आल्या आणि त्यांनीच लुगड्याची घडी मोडली. त्यांच्यासारखं नेसवणं दुसऱ्या कुणाला जमतही नाही. धुऊन धुऊन ते मऊ झालं होतं, कुठंही फुगलं नाही. काठावर चहाचा डाग होता. काकू तो निऱ्यांत लपवायला लागल्या. आप्पा म्हणाले, राहू दे, दिसू दे. ज्या लुगड्याकडे त्यांनी कधी धड बघितलं नव्हतं त्याचा पदर त्यांनी स्वतः तिच्या डोक्यावरून घेतला.

कार्य उरकल्यावर एका संध्याकाळी भावानं मला गाडीतून घरी सोडलं. पाऊस उघडला होता, वायपर कोरड्या काचेवर करकरत होता आणि तो बंद करायचं त्याला सुचत नव्हतं. सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "ताई, तुला रंग कुठला आवडतो गं?"

तो काय विचारतोय ते मला कळलं. एरवी मी त्याला असा काही झापला असता की त्यानं मला तिथंच उतरवलं असतं. माझ्या लक्षात आलं की त्याच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली आहेत, आणि हे विचारायला तो किती दिवस बळ गोळा करत असेल.

"हिरवा," मी म्हटलं. "पण आधीच आण. मला नेसून बघायचंय."